एर्मान्सियाला ग्रियो खाऊ घातला त्याची हकीगत

जाकमेल, सोमवार

वडील बहीण व्हिएर्जेलाताई हिला,

धाकट्या दियेसेलचा तुला आणि तुझ्या दोन्ही गुडघ्यांना नमस्कार. गुडघे काय म्हणतात? भावोजींचा खोकला थांबला, की अजून चर्चमध्ये ऐन प्रार्थनेच्या वेळीच उठतो? मी ठणठणीत आहे. डाव्या हातावर तेवढे तेलाचे फोड आलेत (शिवणयंत्राचं चाक उजव्या हाताने फिरतं, एवढी देवाची कृपा).

तर एर्मान्सिया. आमच्या कोपऱ्यावर डुकराच्या मांसाचं तळण विकते ती. तिचा ग्रियो म्हणजे काय सांगू, डुकरानेही धन्यता मानावी. पण ती स्वतः कुणाच्याच हातचं मांस खात नाही. लोक ते नीट धुतात यावर तिचा काडीचा विश्वास नाही. मयताच्या घरीसुद्धा ती नुसती कॉफी पिऊन येते. आणि ताई, या बाईवर तुझ्या भावाचा जीव जडलाय, या वयात, चाळिशीचा चष्मा लावून. गेल्या आठवड्यात माझी जीभ घसरली आणि मी तिला म्हणालो, रविवारी चर्चनंतर घरी ये, मी ग्रियो करतो. तिने मला नखशिखांत न्याहाळलं. म्हणाली, ‘येईन. खाईनच असं नाही.’

तू मागे सांगितलं होतंस, मांस आंबट संत्र्याच्या रसात नि मसाल्यात मुरवायचं, त्यातच पाणी आटेपर्यंत शिजवायचं आणि मग तळायचं. मी म्हटलं, शेवटी तळायचंच आहे तर आधी शिजवायचं कशाला? (मधला टाका गाळला की विजार उसवते हे मी गिऱ्हाइकांना रोज ऐकवतो.) रसाने निथळणारं कच्चं मांस तसंच कढईत सोडलं. तेल असं उसळलं की मी टेबलाखाली. शेजारचा फेनेलुस धावत आला. एक तुकडा मोडून पाहिला नि म्हणाला, ‘बाहेरून पाद्रीबाबांचा झगा, आतून नुकतं जन्मलेलं बाळ.’

तेवढ्यात चर्च सुटल्याची घंटा झाली. माझं डोकंच चालेना. फेनेलुसच्या हाती डबा दिला आणि पिटाळलं. जाकमेलमध्ये ग्रियो चांगला मिळतो तो एकाच ठिकाणी, आणि रविवारी तिथे एर्मान्सियाची भाची बसते.

एर्मान्सिया आली. चर्चची टोपी, पांढरा झगा. काय दिसत होती! मी ताट पुढे केलं. तिने तुकडा हुंगला, माझ्या फोडांकडे पाहिलं, खाल्ला. मग दुसरा. लोणचं घेतलं, केळ्याचे काप घेतले. मला वाटलं, जिंकली लढाई. ताट पुसून ती शांतपणे म्हणाली, ‘संत्री माझी, मिरची माझी, हातही माझाच.’

ताई, मी तोंड लपवायला जागा शोधत होतो. पण ती उठली नाही. म्हणाली, इतकी वर्षं हे मी उभ्याने तळतेय, खुर्चीत बसवून कुणी माझ्यापुढे ताट ठेवलं नव्हतं. आणि अजून वाढ म्हणाली. जाताना माझी कढई पाहायला मागितली आणि इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. मला हसली, तरी मला आनंदच झाला. अशी बाई पंचक्रोशीत नाही.

भावोजींना नमस्कार सांग.

तुझा,
दियेसेल

ता. क. पत्र केवळ तुझ्या गुडघ्यांच्या काळजीपोटी लिहिलं आहे. तरी शनिवारच्या बसने येशील तर बरं. तुझ्या झाडाची आंबट संत्री आण, आणि तिच्याशी जे बोलायचं ते तूच बोल.

ता. क. २. पाकीट चिकटवत होतो तर भाची आली, झाकलेलं घमेलं घेऊन. वरचं फडकं उचललं तर आत उद्याच्या गाड्याचं मांस, कच्चं, न धुतलेलं. निरोप एवढाच : ‘धुऊन पाठव.’ या भाचीलासुद्धा तिने आजवर कच्च्या मांसाला हात लावू दिलेला नाही. मी बाह्या सारल्यात. पत्र पोचेपर्यंत धुऊन झालेलं असेल, तेव्हा कसं धुवायचं ते विचारत नाही. तू फक्त कमरेचं माप कळव, खरं खरं. माझ्या लग्नात घालायचा तुझा झगा मीच शिवणार आहे.