नागोरावच्या कपाळावरचा डाग

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
आज हत्यारांची पूजा. विळा, पावशी, सौ.ची शिलाई मशीन आणि यंदा प्रथमच कॅमेरा. निकिताने, म्हणजे आमच्या मुलीने, माझ्या पंचाहत्तरीला पाठवलेला. पूजा मनापासून केली. लेन्स फिरवून काढली, आत जो चकचकीत डोळा असतो त्यालाच कुंकू वाहिलं, चार अक्षता वाहिल्या. सौ. म्हणाली, "आत कायले टाकता? बाहेरून लावा ना." तिला काव्य कळत नाही. लेन्सला हळदीचं बोट टेकवताना कुठलंसं बटण सरकलं. टक्. शुभशकुन.
संकल्प : नागोराव २५ तारखेला पुसद सोडतोय. कायमचा. मुलाकडे, पुण्याला. एकतीस वर्षं एकाच शाळेत होतो, तो गणिताला, मी मराठीला. घरंही समोरासमोर. त्याच्या ओट्यावर त्याचा एकच फोटो काढायचा, पण असा की फ्रेममधून तो बोलला पाहिजे. बैठकीत खिळा आजच ठोकला.

५ ऑक्टोबर
बावीस फोटो. सगळे धुकट. नागोराव वितळत्या मेणबत्तीसारखा. शिवाय कपाळाच्या बरोबर मध्ये एक तांबूस डाग. मी त्याचा चेहरा दर वेळी एकाच जागी धरतो, म्हणून डागही दर वेळी तिथेच.
त्याला दाखवले. हसला. म्हणाला, "सदाशिव, मायं कपाळ तुले मोकळं पाहवत नाही काय रे? माह्या बापानं छप्पन साली नागपूरले जाऊन पुसलं, ते तू पुन्हा लावून राह्यला!"
मीही हसलो. घरी येऊन हसू आलं नाही. मुद्दाम केल्यासारखं दिसतं ते. कंपन्यांना काही जबाबदारीच उरली नाही.

७ ऑक्टोबर
इंटरनेटवर उपाय वाचला. लेन्सचं भोक लहानात लहान करून मोकळ्या आकाशाचा फोटो घ्यावा, म्हणजे डाग मोजता येतात. घेतला. सात निघाले. मांडणी थेट सप्तर्षींची! आजच्या पोरांना सप्तर्षी दाखवा म्हटलं तर मोबाइल काढतील.
उद्या सफाई. दहा मिनिटांचं काम.

८ ऑक्टोबर
आत फुंकर मारली. डाग नऊ.

९ ऑक्टोबर
सायकलचा पंप. डाग सतरा, त्यातले काही तेलकट. हवेत दमटपणा आहे.

१० ऑक्टोबर
धुतलेल्या मलमलीच्या टोकाने हळुवार पुसलं. डाग मोजता येत नाहीत. सगळे एक झाले आहेत. एका अर्थी प्रगती.

१२ ऑक्टोबर
ऑटोफोकसबद्दल कंपनीला फोन. पलीकडचा मुलगा म्हणाला, सर, बंद करून चालू करा. पंचवीस वेळा केलं. त्याने लेन्सवरचं बटणही बघायला सांगितलं. बटण एम वर आहे. एम म्हणजे मॅक्झिमम, एवढं मला कळतं. फोन ठेवला.

१५ ऑक्टोबर
आज नागोराव आपणहून आला. दाढी केलेली, पांढरा शर्ट, वहिनी गेल्यापासून पहिल्यांदा इस्त्रीचा. ओट्यावर दीड तास बसला. चाळीस फोटो, चाळीसही वाया. शेवटी म्हणाला, "अबे, सामान बांधाचं पडलं हाय. मोबाइलवर हान ना एक." मी म्हटलं, मोबाइलवर चेहरा निघतो, माणूस निघत नाही. तो म्हणाला, "मी गणिताचा. मले चेहरा पुरे." आणि उठून गेला.
शर्टाची घडी मोडली होती. मला वाईट वाटलं. त्यालाही वाटलं असेल, पण गणितवाले दाखवत नाहीत.

१८ ऑक्टोबर
खेमसिंगच्या फोटो स्टुडिओत गेलो. माझाच विद्यार्थी. कविता पाठ करायला दिली की पोटात दुखायचं त्याच्या. त्याने एका बोटाने बटण सरकवलं. "गुरुजी, हे मॅन्युअलवर व्हतं. हातानं फिरवा लागते." फोकस लागला. सतरा दिवसांनी, एका बोटाने. मग बॅटरीचा उजेड टाकून आत पाहिलं, बराच वेळ. "गुरुजी, याच्यात कुंकू कोनं टाकलं? अन् हा तांदूळ?"
मी म्हटलं, कंपनीचं पॅकिंग असेल.
तो माझ्याकडे बघत राहिला. शाळेतही असाच बघायचा.
नागपूरला पाठवावा लागेल, आठ-दहा दिवस. खेमसिंग म्हणाला, नागोराव सरांचा फोटो मी येऊन काढून देतो, आत्ता येतो. मी नको म्हटलं. मित्र माझा, फोटोही माझ्याच हातचा.

१९ ऑक्टोबर
नागोरावने विचारलं, "डाग कशाचा निंघाला रे?" म्हटलं, जपानी धूळ.
कुंकू म्हणणार होतो. तोंडाशी आलं होतं. पण त्याच्या बापाचं आठवलं. फोटो हातात देताना सांगीन, निवांत. तेव्हा हसण्यावारी जाईल.

२३ ऑक्टोबर
नागपूरला फोन. अजून कॅमेऱ्याचा नंबर लागला नाही. नागोरावला म्हटलं, दोन दिवस थांब. म्हणाला, "टेम्पोले अ‍ॅडव्हान्स देला हाय."
निरोपासाठी चार ओळी केल्या आहेत. उत्तम उतरल्या.

२५ ऑक्टोबर, सकाळी ७.४०
टेम्पो गेला. नागोराव ड्रायव्हरशेजारी, मांडीवर पाण्याची बाटली. तोच पांढरा शर्ट. मी रिकाम्या हाताने उभा. दुसरी ओळ आठवेना, म्हणून पहिलीही म्हटली नाही. गाडी सुरू झाल्यावर त्याने कपाळावर अंगठा घासून दाखवला. "निंघाला काय रे?"
मी मान हलवली. निघाला.

३० ऑक्टोबर
कॅमेरा आला. सोबत कागद : सेन्सरवर, म्हणजे आतल्या डोळ्यावर, लाल भुकटी, थुंकी, तेल. थुंकी कोणाची ते लिहिलेलं नाही. सभ्य लोक.
पहिला फोटो समोरच्या ओट्याचा घेतला. लख्ख. एकही डाग नाही. दाराचं कुलूप, कुलपावरचा नंबरसुद्धा वाचता येतो. तो टेकून बसायचा तिथली भिंत तेलाने काळवंडली आहे, तीही स्पष्ट.
त्याला फोन करून खरं सांगायचं होतं. पण आता दाखवायला फोटो नाही.
बैठकीतल्या खिळ्यावर सौ.ने भाजीची पिशवी अडकवली आहे. मी काढली नाही.