बुरुजातला गिलावा

१२ जून, फुजैरा
पोचलो एकदाचा! मेहुणा ओवेस एअरपोर्टवर पिकअप घेऊन हजर. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचा छोटासा किल्ला आहे, त्याच्या डागडुजीवर मी गवंडी. दगडमातीच्या जाड भिंती, खजुराच्या झावळ्यांचं छत, गोल बुरूज. आणि बुरुजाचं दार इतकं बुटकं की नवाबालाही वाकूनच आत जावं लागेल! ओवेस इथला सुपरवायझर. म्हणाला, यहयाभाई, टेन्शन नको, मी आहे ना. सख्ख्या भावानं केलं नसतं तेवढं त्यानं माझ्यासाठी केलंय.

१६ जून
कालपासून दुपारची उन्हाची सुट्टी सुरू झाली. बाकीचे एसीच्या केबिनमध्ये जातात, मी बुरुजात लवंडतो. आत छान गारवा असतो.
काम मात्र नाकी नऊ आणतंय. काल लावलेला गिलावा आज खाली. पडलेले पोपडे उलटे करून पाहिले, तर मागच्या बाजूला बोटं उमटलेली. भिंतीकडच्या बाजूला! ओवेसला दाखवलं. तो नेहमी खिदळणारा, पण आज पोपडे बुटाखाली चुरडून टाकले. मग म्हणाला, आतलं काम यापुढे तूच कर, तुझा हात चांगला आहे. कौतुक ऐकून मीही फुगलो.

१९ जून
भरदुपारी भिंतीच्या आत कुणीतरी थापी घासतं. कान लावला. आतून कुणीतरी माझं नाव घेतलं.
इलेक्ट्रिशियन अनिल म्हणाला, मागचा गवंडीही आतच काम करायचा. तो कुठे गेला, हे त्याला ठाऊक नाही. ओवेस म्हणतो, पळाला.

२१ जून
घरी जायचंय. आल्या दिवशी ओवेसकडे ठेवायला दिलेला पासपोर्ट परत मागितला. इन्शाल्ला उद्या, म्हणाला. नजर वर केली नाही.

२२ जून
ओवेस म्हणाला, पासपोर्ट बुरुजातल्या कोनाड्यात ठेवलाय, सुट्टीत घे. आलो. कोनाडा रिकामा —
मोबाईलवर बायकोचा, सुमैय्याचा मेसेज. रडतेय. ओवेसनं सकाळीच घरी कळवलं की यहया साइटवरून पळाला. कंपनीतही तशीच तक्रार दिलीय. पण मी इथेच आहे! फोन लागत नाही —

कुणीतरी दार बाहेरून चिणतंय. ढकलतोय. रोज पडणारा गिलावा आज लावताक्षणी दगड होतोय —

फटीतून ओवेस. रडत म्हणाला, भाई, आधी भिंत माझं नाव घ्यायची. मी तिला तुझं सांगितलं. माफ कर.
हरामखोरा, थापी धरायला तुला मीच शिकवलं —

एका दगडाएवढा उजेड उरला. मागची भिंत हलतेय. ढासळत नाही. आतलं कुणीतरी सरकून मला जागा करून —