पस्तीस की पन्नास, मामा?

तीर्थस्वरूप मामांना,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. (पद्धत म्हणून साष्टांग म्हटलं, सध्या कंबर धरल्यामुळे आठातली पाच-सहा अंगंच वाकतात. कंबर का धरली ते पुढे येईलच.) तुमचा गुडघा काय म्हणतो? मामी अजून साखरेचा डबा कुलपात ठेवतात की तुम्हाला किल्ली सापडली? गच्चीतल्या टोमॅटोंना यंदा फळं धरली असतील तर कळवा, आणि धरली नसतील तर गेल्या वर्षीसारखं आम्हाला दोष देऊ नका. पाणी घालायला आम्ही तिथे नसतो. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. आई ठणठणीत आहे, म्हणजे रोज सकाळी पेपरातल्या चुका लाल पेनाने दुरुस्त करते आणि मग तो आम्हाला वाचायला मिळतो.

फोन सोडून पत्र का, असं तुम्ही म्हणाल. तुमचं नाव या घरात काढायचं नाही हा आईचा हुकूम अजून कायम आहे. निवृत्त मुख्याध्यापिकेचा हुकूम तो, शाळा सुटली तरी सुटत नाही. पण हुकूम नाव काढण्याबद्दल आहे, लिहिण्याबद्दल नाही, असा मी त्याचा सोयीस्कर अर्थ लावला आहे. मामा, तुमचंही चुकलंच. जेवणानंतर आरामखुर्चीत डुलकी लागलेली बाई, तोंड उघडं, चष्मा हनुवटीपर्यंत घसरलेला, असा फोटो फोनवर काढून तो अख्ख्या घराण्याच्या ग्रुपवर टाकायचा आणि खाली ‘मुख्याध्यापिका पाठ घेताना’ असं लिहायचं, याला काय म्हणावं? (हसू मलाही आलं होतं, खोटं कशाला बोलू.) पण तिच्या हाताखाली शिकलेल्या दोघी आता आपल्याच घराण्यात सुना आहेत आणि त्याही त्या ग्रुपवर आहेत, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. झालं, तिने ग्रुप सोडला आणि तुम्हालाही. तेव्हापासून तुम्ही म्हणता, ताईने बोलावलं तर येईन. ती म्हणते, यायचं त्याने यावं, मी बोलावणार नाही. सख्खी भावंडं आहात, हे सांगायला दाखला लागू नये. मला मात्र तुमच्यावाचून करमत नाही, हे सरळच सांगतो. पत्त्यांना चौथा भिडू नाही. आई जिंकते, पण हरल्यावर चिडणारं समोर कुणी नसल्यामुळे तिलाही त्यात राम वाटत नाही. असो. हे पत्र त्यासाठी नाही, लेन्ससाठी आहे.

तर मी कॅमेरा घेतला. साधासुधा नाही, रेंजफाइंडर, आणि तोही साठ मेगापिक्सेलचा. लहानपणी तुमच्या न्हाणीघरात लाल दिव्याखाली फोटो धुताना तुम्हीच हे वेड माझ्या डोक्यात भरवलंत, त्यामुळे निम्मी जबाबदारी तुमची. या कॅमेऱ्यात लेन्समधून बघायचंच नसतं. शेजारी एक छोटी खिडकी असते, तिच्यातून बघायचं. मधोमध माणसाच्या दोन पुसट प्रतिमा दिसतात, कडं फिरवून त्या एकमेकींवर बसवायच्या, दोन नाकांचं एक नाक झालं की फोकस बरोबर. कॅमेरा घेईपर्यंत तुमच्या भाचेसुनेने काही म्हटलं नाही. लेन्स घ्यायची वेळ आली तेव्हा मात्र तिने एकच घ्यायची अशी अट घातली. (औषधांच्या दुकानात बसून बसून तिचं एक रोगी, एक गोळी असं झालं आहे.) पुरावा म्हणून तिने माझी गिटार, माझी दुर्बीण आणि जिच्यावर सध्या टॉवेल वाळतात ती व्यायामाची सायकल, एवढ्यांकडे नुसतं बोट दाखवलं. आता कॉलेजात भिंगांचं प्रकरण मी इतकी वर्षं शिकवतोय की किरणांची आकृती झोपेतही काढीन. पण दुकानात चार लेन्स ओळीने मांडल्या आणि लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं झालं. दुकानदार (आम्ही त्यांना मौनीबाबा म्हणतो, प्रश्न विचारला की ते आधी काच पुसतात, मग दिवा पुसतात, मग उत्तर देतात) बराच वेळ पुसून म्हणाले की एकेक घरी न्या, आठवडाभर वापरा आणि मग काय ते ठरवा. पोरगी बघायला जातानासुद्धा मला एवढी मुभा मिळाली नव्हती.

पहिली पन्नासची, म्हणजे पन्नास मिलिमीटरची, नेली (आकडा जितका लहान तितकं चौकटीत जास्त मावतं). माणसाच्या नजरेला सगळ्यात जवळची म्हणतात ती. रविवारी सकाळपासून जेवेपर्यंत घरभर फोटो काढत होतो. कॅमेऱ्याच्या पाठीवरचा, काढलेला फोटो दाखवणारा पडदा बंद ठेवला होता, कारण खरा फोटोग्राफर सारखं मागे बघत नाही, असं कुठेतरी वाचलं होतं. शटर उघडलं की लवकर मिटायचंच नाही. मला वाटलं, एवढी भारीतली वस्तू आहे, विचार करून काढत असेल. आईने कॅमेऱ्यासमोर यायचं केव्हाच सोडलं आहे (कारण वर आलंच आहे), पण ती खिडकीशी पेपर दुरुस्त करत बसली असताना तिचाही एक चोरून टिपला. संध्याकाळी सगळ्यांना संगणकासमोर बसवून फोटो उघडले, तर पहिला काळा, दुसरा काळा, सगळेच काळे. लेन्सचं झाकण मी काढलंच नव्हतं. खिडकी वेगळी असल्यामुळे मला सगळं लख्ख दिसत होतं आणि कॅमेऱ्याच्या डोळ्यावर मात्र पट्टी. तुमची भाचेसून हसून हसून जमिनीवर बसली. आई शांतपणे पुढे झाली, तिचा म्हणून जो काळा चौकोन होता तो तिने नीट न्याहाळला आणि म्हणाली, “आजवर कुणी काढलेला माझा सगळ्यात चांगला फोटो.”

तिथून तिचा राग जरा निवळला, असं मला वाटतं. दुसऱ्या दिवशी ती आपणहून खिडकीशी बसली, मात्र ठेवायचा फोटो कोणता आणि पुसायचा कोणता हे तीच ठरवणार, या अटीवर. या खेपेला झाकण काढलं. फोटो इतका सुरेख आला की मी संगणकावर तो मोठा करत सुटलो, आणि साठ मेगापिक्सेल म्हणजे काय ते तेव्हा कळलं. आईच्या बुबुळात खिडकी, खिडकीत मी, माझ्या बनियनला पडलेलं भोक. चेहऱ्यावरच्या एकूण एक सुरकुत्या. मागच्या पंख्याच्या पात्यावरची धूळ (जो पंखा मी पुसला असं आदल्या दिवशीच सांगितलं होतं). कपाटावरच्या खोकल्याच्या औषधाची मुदत केव्हा संपली तेही स्पष्ट वाचता आलं, आणि औषधवाल्या बाईंच्या घरात ती बाटली का, या प्रश्नावर आमच्याकडे अर्धा तास चर्चा झाली. आईने एवढंच सांगितलं की हा फोटो डॉक्टरांना दाखव, नातेवाइकांना नको. पुसला.

मग अठ्ठावीसची आणली. या लेन्समध्ये काय मावत नाही ते विचारा. आईसाठी लावली तर आई, खिडकी, पंखा, दोरीवरचे माझे पायजमे आणि दाराआडचा केरसुणीचा दांडाही आला. शिवाय कडेला जो उभा राहील तो आडवा ताणला जातो. हे मी वर्गात दरवर्षी आकृती काढून समजावतो, आणि तरीही स्वतःच्या बायकोला कडेला उभी केली. तिने फोटो बघितला. त्या आठवड्यात माझा डबा मी स्वतः भरत होतो, एवढ्यावरून काय ते समजून घ्या.

नव्वदची लेन्स आणली ती चेहरा मऊ येतो असं ऐकून. खरंच मऊ येतो, पण त्या छोट्या खिडकीत नव्वदची चौकट टपालाच्या तिकिटाएवढी दिसते, आणि आई खिडकीसकट हवी तर मागे सरकत सरकत खोलीबाहेर, मग घराबाहेर, मग जिन्याच्या मोकळ्या जागेत जावं लागतं. मी समोरच्या बिऱ्हाडाच्या दाराला पाठ टेकून दोन नाकांचं एक नाक करत होतो, तेवढ्यात त्या काकूंनी आतून दार उघडलं. मी कॅमेरा छातीशी धरून उताणा त्यांच्या घरात गेलो. (कंबर ती ही. कॅमेऱ्याला ओरखडाही नाही.) माझा फोटो काढायला याला दुसऱ्याच्या घरात पडावं लागतं, असं आई त्यानंतर येईल त्याला सांगत होती, आणि सांगताना हसत होती. मामा, ती इतकी हसलेली मी फार दिवसांनी बघितली.

शेवटी पस्तीसची. खोलीत बसते, माणूस ताणत नाही, मला घराबाहेर घालवत नाही. तुमच्या भाचेसुनेने हिरवा कंदील दाखवला. मौनीबाबांनी न पुसता मान डोलावली. मी पैसे घेऊन दुकानात निघालो, तर आईने कॅमेरा मागून घेतला आणि म्हणाली, बघू तरी. तेव्हापासून तो मला परत मिळालेला नाही. दोन नाकांचं एक नाक तिला पहिल्याच झटक्याला जमलं. सगळ्यात आवडलं काय, तर त्या छोट्या खिडकीत फोटोच्या चौकटीच्या रेघांबाहेरचंही थोडं दिसतं ते. आत कोण शिरणार आहे हे आधीच कळतं म्हणे, वर्गाच्या दारातून बघितल्यासारखं. आता ती दिवसभर आमचे फोटो काढते आणि “हलू नकोस” असं मला माझ्याच घरात ऐकावं लागतं. पण लेन्स विचारली की तिचं काही ठरत नाही. पस्तीस लावली की म्हणते पन्नास बरी होती. म्हणून पन्नासचीही पुन्हा आणली, तर ती लावली की पस्तीस. मौनीबाबा दोन्ही लेन्सची वाट बघत आहेत आणि त्यांच्या दुकानात आता पुसायला काही उरलेलं नाही.

म्हणून तुम्हाला विचारतो. तुमच्याइतका फोटोतला जाणकार आपल्यात दुसरा नाही. पस्तीस की पन्नास, एका शब्दात कळवा, म्हणजे मी मोकळा. मामींना नमस्कार, गुडघ्याला तेल आणि टोमॅटोंना शुभेच्छा.

तुमचा,
उताणा पडलेला भाचा

ता. क. १: एका शब्दाचं उत्तर पोस्टाने पाठवलंत तर मी ते वाचणार नाही.

ता. क. २: वर एक गोष्ट लिहायची टाळली, पण ती लिहिल्याशिवाय पाकीट बंद करवत नाही. काल दुपारी आई पस्तीस लावून बसली होती आणि कॅमेरा खिडकीजवळच्या खुर्चीकडे रोखला होता. खुर्चीत कुणी नव्हतं. मी बसू का विचारलं, तर नको म्हणाली. तुमची भाचेसून बसू का म्हणाली, तिलाही नको. मग ती कॅमेरा खाली न घेताच म्हणाली, “माणूस समोर असल्याशिवाय लेन्स कशी ठरायची?” तिने नाव घेतलं नाही, म्हणजे हुकूम मोडला नाही. आम्हीही घेतलं नाही. मामा, या. लेन्स तुम्हाला विचारायची नव्हतीच. तुमच्यावर लावून बघायची आहे. आता टपालाची तिकिटं घेऊन येतो, पाकीट तसंच टेबलावर उघडं आहे.

ता. क. ३: (हे मी लिहिते आहे. अक्षर ओळखशीलच.) मी हे पत्र वाचलेलं नाही. पंख्यावरची धूळ मला पहिल्यापासून माहीत होती, तिला साठ मेगापिक्सेल लागत नाहीत. अठ्ठावीसच्या फोटोत केरसुणीचा दांडा नव्हता, छत्री होती. बाकी सगळं याने वाढवून लिहिलं आहे, हा पहिल्यापासूनच तसा. आणि मी तुला बोलावलेलं नाही, हे ध्यानात असू दे. येताना दाढी करून ये, यात सगळं दिसतं.