बाहेरून घातलेली कडी

रविवार, संध्याकाळ. वाशी.

डोकं अजून तापलेलंच आहे. सोसायटीच्या सहलीला बाबांना न्यायलाच नको होतं. ते जुनं जेल, आता म्हणे म्युझियम! दारातच सेल्फी पॉइंट. पाट्यांवर इंग्रजांच्या काळातलं सगळं काही, पण नंतर त्याच बराकीत संपातले हमाल कोंबले होते, त्याबद्दल एक अक्षर नाही. बाबा त्यांतलेच. चार महिने आत होते. घरी त्याबद्दल फारसं बोलले नाहीत, पण संडासाचीसुद्धा कडी ते आजही लावत नाहीत.

आणि आमचा तो सेक्रेटरी, बिनडोक माणूस! कोठडी दिसताच म्हणाला, "काका, आत जा ना, मस्त फोटो येईल." बाबा गेले. याने बाहेरून कडी घातली.

कडीचा आवाज झाला आणि बाबा भिंतीला टेकून उकिडवे बसले. हात गुडघ्यांवर, मान खाली. जेलात कैदी मोजायला बसवतात तसे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "काका, काय अ‍ॅक्टिंग!" कडी काढली तरी बाबा उठेनात. मग हळूच विचारलं, "साहेब, गिनती झाली?" सगळे आणखीच हसले.

सेक्रेटरीला मेसेजमध्ये चार शिव्या लिहिल्या आणि खोडल्या. कुठल्या तोंडाने पाठवू? त्याला काहीच माहीत नव्हतं. मला सगळं माहीत होतं, तरी मोबाइल धरून "बाबा, इकडे बघा" म्हणत मीच उभा होतो.