राउटर कोणता घेऊ?

१२ नोव्हेंबर, संध्याकाळ

प्रिय दादा,

नमस्कार. तू आणि वहिनी बरे असाल. मी बरी आहे.

आज सकाळी नेहमीसारखं वर्कशॉप उघडलं, झाडलं. एक खुर्ची दुरुस्तीला आली होती, ती केली. दुपारी हत्यारांच्या दुकानात गेले, तासभर उभी राहिले आणि काही न घेता परत आले. त्याबद्दलच विचारायचं आहे. फोनवर विचारता आलं असतं, पण फोनवर तू ‘बरं’ म्हणतोस, मी ‘बरं’ म्हणते आणि संपतं.

मला लाकूड कापायचा राउटर घ्यायचा आहे, जिगच्या साच्यावर खणांच्या कोपऱ्यांचे डव्हटेल सांधे कापायला. सहा खणांच्या एका कपाटाचं काम बाबा असतानाच घेतलं होतं. दोन खण झाले, चार राहिलेत. जुन्या राउटरचं बेअरिंग गेलं आहे. कापणारं बिट फिरताना थरथरतं, खाच रुंद होते आणि सांधा नुसत्या हाताने सुटून येतो.

दुकानदाराने आधी सगळ्यात मोठा पुढे केला. “ताई, हा घ्या. ओंडका दिलात तरी खाईल.”

“मला खण करायचे आहेत.”

“वापरणार कोण? साहेब?”

“साहेब नाहीत. मीच.”

तेव्हा त्याने तो उचलून माझ्या हातात दिला. बहुतेक परीक्षा घेत होता. सहा किलो असेल. जिगवर राउटरचा अर्धा तळ पट्टीवर असतो आणि अर्धा हवेत. एवढं धूड जरासं कलंडलं की फळी वाया. सगळ्यात छोटा एका मुठीत मावतो, पण त्याला सहा मिलिमीटर दांड्याचंच बिट बसतं आणि आपली डव्हटेलची बिटं आठची आहेत. मधला एक आहे, साडेतीन किलोच्या आतबाहेर. आठचं बिट घेतो, आणि खोली बारीक स्क्रूने केसभर खालीवर करता येते. सांधा सैल आला तर बिट खाली, घट्ट आला तर वर, एवढंच तर असतं. फक्त जिगच्या बोटांना घासत जाणारी आपली गाइडची कडी त्याच्या तळाला बसेल का, ते दुकानदाराला ठाऊक नाही. “बसवली की बसते हो,” म्हणाला.

तू ही कामं रोज करतोस. मधला घेऊ का?

जुना राउटर कोणता, असं तू विचारणार नाहीस. तुला माहीत आहे. बाबा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी तू त्यांच्या खोलीतल्या छोट्या टेबलाचा खण उघडलास. कोपऱ्यावरून अंगठा फिरवलास. सांध्याच्या सगळ्या शेपट्या एका मापाच्या, यंत्राने काढाव्यात तशा. बाबांनी हाताने तशा कधी काढल्या नव्हत्या, दोन शेपट्यांमधली त्यांची खुंटी बोटाच्या पेरापेक्षा बारीक असायची. तू खण लावलास आणि वहिनीला म्हणालास, “चल, गाडीची वेळ झाली.” गाडीला तीन तास होते. मी दारात होते. तुझा चेहरा पाहिला आणि चहाचे कप विसळायला निघून गेले.

तेव्हापासून सात आठवडे तो चेहरा डोळ्यांसमोर आहे. तुला काय वाटलं असेल ते मला कळतं. ज्या यंत्रापायी नऊ वर्षांपूर्वी बाबांनी तुला ‘एक तर हे राहील नाही तर मी’ असं सुनावलं आणि तू घर सोडलंस, तेच यंत्र त्यांनी वापरलं आणि तुला मात्र बोलावलं नाही.

तसं नाही, दादा.

थांबते. उद्या सकाळी लिहिते.

१३ नोव्हेंबर, सकाळी सात

चहा झाला. आता सांगते.

चार वर्षांपूर्वी बाबांचा उजवा हात थरथरायला लागला. पटाशी सरळ राहीना. एका दुपारी अख्खी खुंटी तुटून आली. त्यांनी पटाशी खाली ठेवली आणि म्हणाले, “माळ्यावरची त्याची पेटी काढ. कुणाला बोलू नकोस.” तुझाच राउटर, तुझाच जिग. ते शेवटपर्यंत त्याला शिवले नाहीत. शेजारी स्टुलावर बसायचे आणि कानाने काम बघायचे. “आवाज बसला, हळू घे.” पहिल्याच दिवशी मी बिट फिरत असताना राउटर वर उचलला. सांधा फुटला, जिगचं एक बोट चेचलं. वाटलं, आता ऐकावं लागणार. तर म्हणाले, “यंत्राला लाज नसते गं, चुकलं तरी त्याच आवाजात ओरडतं. तू तरी लाजू नकोस. दुसरी फळी घे.”

गेल्याच्या गेल्या मार्चमध्ये एक खण जोडून झाला. हातोडीचा एक ठोका, बस. बाबांनी तो मांडीवर घेतला, उलटासुलटा केला. मग म्हणाले, “त्याला लिही. म्हणावं, बाप चुकला. ये म्हणावं.” त्यांच्या हातून लिहिणं होत नव्हतं, आणि फोनवर असलं काही बोलणारे ते नव्हतेच.

मी लिहिते म्हटलं. लिहिलंही. तुझा पत्ताही घातला. पाठवलं नाही. आठवडाभर टेबलात ठेवलं आणि फाडलं.

दहा-बारा दिवसांनी त्यांनी विचारलं, “आलं का काही?” मी म्हटलं, नाही. म्हणाले, “कामात असेल.” महिन्याने परत विचारलं, “पत्ता नीट घातलास ना?” मी म्हटलं, घातला. त्यानंतर विचारलं नाही. तुझं नाव मात्र कधी टाळलं नाही, तुझं बिट म्हणायचे, तुझा जिग म्हणायचे. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात मला म्हणाले, “रागावला असेल तर त्याचं बरोबर आहे.” तेव्हा तरी तुला फोन करायला हवा होता. मी त्यांची उशी सारखी केली. तुला फोन केला तो सगळं संपल्यावर.

का, ते सांगायला हवं. लहानपणापासून बाबा मला ‘धर गं’ म्हणायचे. फळी धर, दिवा धर, दुसरं टोक धर. कापायचास तू. या चार वर्षांत ते मला ‘कर’ म्हणायला लागले. तू आला असतास तर राउटर तुझ्या हातात गेला असता, आणि मी पुन्हा दुसरं टोक धरून उभी राहिले असते. तुझा त्यात दोष नाही. तू कदाचित तसं केलंही नसतंस. मी ते बघण्याइतकं धाडस केलं नाही, एवढंच खरं आहे.

म्हणजे तुला वाटतं, बाबांनी तुला बोलावलं नाही. आणि ते गेले, ते तू उत्तर दिलं नाहीस असं समजून. दोन्ही माझं काम आहे. तुझा गैरसमज निदान आता दूर करता येतो. त्यांचा नाही.

माफ कर असं लिहिलं की उत्तर द्यायचं ओझं तुझ्यावर पडतं, म्हणून लिहीत नाही. रागाव, फोन उचलू नकोस, वहिनीला सांग. ते सगळं तुझ्या हक्काचं आहे. फक्त त्या खणाकडे बघून जे समजलास ते मनातून काढून टाक. “बाप चुकला, ये.” हे त्यांचे शब्द आहेत. मी एकही वाढवलेला नाही.

राउटरचं कळवलं नाहीस तरी चालेल. मी मधला घेईन. कडी बसली नाही तर तळाला भोकं पाडून बसवीन.

दुकान दहाला उघडतं. तोवर खाली जाऊन चार खणांच्या फळ्या रंधून ठेवते. सोळा आहेत, एकटीने दोन तास लागतील.

तुला उशिरा सांगणारी
बारकी