कॅमेरा कुठे उभा आहे

३ जून
आलो एकदाचे शुगर लँडला! मॉरिसव्हिल सोडताना रडले होते, पण घर बघितलं आणि रुसवा गेला. लाकडी जिना, वर दोन खोल्या, आणि माझ्या खोलीतली कपड्यांची क्लॉझेट एवढी मोठी की तीत चार पाहुणे झोपतील. सुमंत सकाळी ह्यूस्टनला ऑफिसला जातो तो संध्याकाळीच उगवतो. आन्याला सुट्टी, मला या व्हिसावर काम करता येत नाही, म्हणजे घर आम्हा मायलेकींचंच. इथल्या उन्हाबद्दल सगळे घाबरवत होते. नागपूरकरणीला उन्हाची भीती घालतात, कमाल आहे.

६ जून
गल्लीत एखादं मराठी माणूस भेटावं एवढीच इच्छा होती, तर समोरच्याच घरात हेमचंद्र काका निघाले. निवृत्त डॉक्टर, जुनी पुस्तकं, आणि भयपटांचं कपाटभर वेड. 'आंधळा मागतो एक डोळा' असं बोलून गेले आणि जीभ चावली, कारण काकांची दृष्टी गेली आहे. काका मात्र खळखळून हसले. पडद्यावर काय चाललंय ते पद्मजा काकू त्यांना सांगायच्या; गेल्या वर्षी त्या वारल्या. आता तू दुपारी येऊन सांगशील का, असं काकांनी विचारलं. वडीलधाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? आन्याला तिथे चॉकलेटंही मिळतात.

१० जून
सिनेमाला नाव नाही, पाट्या नाहीत. भर दुपारची रिकामी गल्ली, आणि कॅमेरा सावकाश पुढे चाललेला. मी म्हटलं, भूत कुठाय? काका म्हणाले, "डोन्ट टेल मी काय दिसतंय. कॅमेरा कुठे उभा आहे ते सांग. बाकी मी बघून घेतो." मग तासभर शिकवणीच. अंधार स्वस्त असतो, म्हणाले. उजेडात रिकामी जागा दाखवली की माणूस स्वतःच तिच्यात काहीतरी शोधायला लागतो. संगीत काढून घेतलं की तो श्वास रोखतो. कट नसला की नजर काढून घ्यायला वाव नाही. आणि कॅमेरा माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर असेल, तर तो कॅमेरा नाही, कुणीतरी बघतंय. मला हे सगळं फार आवडलं.
आम्ही फक्त सुरुवातीचा प्रसंग बघतो. पुढचं काका लावतच नाहीत.

१५ जून
गंमत म्हणजे तो प्रसंग रोज थोडा पुढे सरकतो. रोज तिथूनच सुरू, जिथे मी काल बोलायची थांबले. आज एका वळणावर घाईत मी उजवीकडेऐवजी डावीकडे म्हणाले, तर कॅमेरा डावीकडे वळला. मी हसले. काका हसले नाहीत. "मग पुढे?" एवढंच म्हणाले.
डावीकडची गल्ली ओळखीची वाटली. अर्थात इथली सगळी घरं सारखीच.

१९ जून
सारखी नाहीत. आज पडद्यावर आन्याची गुलाबी सायकल होती. आमचं गवत, आमचं दार. मी ओरडलेच, काका, हे आमचं घर आहे! ते शांतपणे म्हणाले, दार उघडं आहे का बघ. दाराला फट होती, आणि मूर्खासारखी मी होय म्हणाले.
घरी आलो तर दार उघडं. मी कुलूप लावून निघाले होते, देवाशपथ.
सुमंतला सांगितलं. "यार आशू, हॉरर बघणं बंद कर," म्हणाला आणि मीटिंगला बसला.

२१ जून
काकांना धरून विचारलं. रडायला लागले. म्हणाले, त्या सिनेमातून जे चालत येतं त्याला डोळे नाहीत. जो सांगतो त्याच्या आवाजामागून ते चालतं, त्याच्याच घराकडे. काकू सांगायच्या तेव्हा ते या घरात आलं. काकू गेल्या त्या त्यामुळेच. त्यानंतर ते इथेच होतं, काकांच्या खुर्चीमागे. कुणी सांगणं थांबवलं की ते परत त्यांच्याकडे येतं.
तुम्ही माझ्या लेकीच्या घरात ते पाठवलंत, काका. किळस आली मला त्यांची. दयाही आली, त्याचाच राग आला.

२२ जून
गेले नाही. फोन घेतला नाही. दिवसभर घरात काही नाही. गेलं असेल परत.

२३ जून, दुपार
आन्या वर हसत होती. टॅबलेटवर काका. व्हिडिओ कॉल. त्यांनी फोन त्यांच्या टीव्हीसमोर धरलेला, आणि ती त्यांना सगळं सांगतेय, तिच्या इंग्लिशमध्ये, इतकं छान, इतकं स्पष्ट — आमचा हॉल, आमचा सोफा, आता जिना —
टॅबलेट फोडला. तिला घेऊन क्लॉझेटमध्ये. सुमंत निघालाय, पण हायवे तुंबलाय.
तोंडातून शब्द निघू नये म्हणून लिहितेय.
जिना वाजला.

पावलं आमच्या खोलीत. थांबली. ऐकतंय.
आन्याला म्हटलं, डोळे मीट, बोलू नकोस. मिटले तिनं. शहाणं माझं बाळ.

ते आवाजामागून जातं ना? मग खोटं सांगते. सांगतेय, हळू पण स्पष्ट — कॅमेरा वळला. खोलीबाहेर. जिना उतरला. हॉल. दार. दाराबाहेर ऊन, रस्ता —
उतरतंय. खरंच उतरतंय. खालच्या फरशीवर पावलं. देवा, जातंय. दार वाजलं —

आन्यानं डोळे उघडले. नो, मम्मा, म्हणाली. रागावून. तू चुकीचं सांगतेयस. वी आर इन द क्लॉझेट.
मोठ्यानं म्हणाली.
पावलं थांबली.
जिना — मी तिचं तोंड दाबलंय, एका हातानं, ती अजून बोलतेच आहे, बोटांमधून —