माझ्या हिश्शाच्या तीन टिकल्या

मी, खाली सही करणारा, वय तेवीस, धंदा ब्रश बनवणे, शिक्षण अर्धवट, अविवाहित, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. मंगळवारी सकाळी माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बहुतेक सगळं नीट होईल." त्यांच्या त्या 'बहुतेक'साठी हा कागद. हृदय नादुरुस्त असलं तरी माझं डोकं शाबूत आहे. ते तापट आहे हे सगळी गल्ली सांगेल, पण तापलेलं डोकं वेगळं आणि फिरलेलं डोकं वेगळं. हा फरक वकीलसाहेबांनाही मान्य आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. रागाच्या भरात "माझं सगळं घ्या आणि मला मोकळं करा" असं आत्याला अनेकदा म्हटलं आहे, ते मृत्युपत्र धरू नये.

कलम १. राहत्या दोन खोल्या, त्यातलं सगळं सामान आणि बँकेत जे असेल ते आत्याला द्यावे. आई गेल्यावर बाबांची ही बहीण चार दिवसांसाठी म्हणून आली आणि आमच्यासाठी राहून गेली. तिला विनंती की माझे शर्ट जपून ठेवू नयेत. बाबांचे ठेवले, घर सोडून गेलेल्या दादाचे ठेवले, आता कपाटात तिच्या स्वतःच्या साड्यांना जागा नाही.

कलम २. माझी स्कूटर, ब्रेक आधी दुरुस्त करून मग, संघाच्या विंचरखोलीत काम करणारीला द्यावी. विंचरखोली म्हणजे काय ते वकीलसाहेबांच्या सांगण्यावरून खुलासेवार लिहितो. ब्रशचे तंतू कारखान्यात येतात ते जटा झालेले. ते सरळ करणारं मोठं यंत्र एकट्यादुकट्या कारखानदाराच्या आवाक्याबाहेरचं, म्हणून आमच्या ब्रश उत्पादक संघाने कचेरीच्या मागच्या खोलीत एक सामाईक यंत्र बसवलं. ते ती चालवते. आमचे तंतू घेऊन मी आठवड्यातून एकदा जायला हवं होतं. मी रोज जात होतो, मूठ-मूठ घेऊन. एकदा ती म्हणाली, "अहो कारखानदार, एवढ्याशाला मशीन कशाला चालू करायचं? थांबा, पर्समधला कंगवा काढते."

तिच्या-माझ्यात काही नव्हतं, हे मी इथे शपथेवर लिहितो, म्हणजे माझ्यामागे कोणी तिला प्रश्न विचारणार नाही. जे होतं ते सगळं माझ्या एकट्याकडे होतं. स्कूटर तिने विकली तरी चालेल. रंग बदलला तर मात्र मला वाईट वाटेल, असं लिहिणार होतो. तेव्हा मी नसेन हे नंतर लक्षात आलं.

कलम ३. आता कारखाना. त्याच्याबद्दल लिहायचं तर गेल्या वर्षीच्या बैठकीबद्दल लिहावं लागेल.

संघाची दर वर्षी एक नियोजन बैठक भरते. तीत पुढच्या पाच वर्षांचा आराखडा ठरतो. पंचवार्षिक आराखडा आम्ही दर वर्षी नव्याने करत असल्यामुळे पाचवं वर्ष आजवर कोणी पाहिलेलं नाही. पद्धत अशी: भिंतीवर मोठाले कागद लावतात, एकेका कागदावर एकेक उद्दिष्ट. प्रत्येक सभासदाला तीन लाल टिकल्या मिळतात, पाठीमागे डिंक लावलेल्या. ज्याला जे हवं त्या कागदावर त्याने त्या चिकटवायच्या. पहिली पाच उद्दिष्टं आराखड्यात जातात. बाकीची 'नंतर पाहू' नावाच्या कागदावर. लागोपाठ दोन वर्षं 'नंतर पाहू'त गेलेलं उद्दिष्ट कायमचं खोडतात.

गेल्या वर्षी 'विंचरखोली चालू ठेवणे' हे एक उद्दिष्ट होतं. अध्यक्षांचा कारखाना मोठा, त्यांचं स्वतःचं यंत्र आहे. त्यांना त्या खोलीत पाहुण्यांसाठी दालन करायचं होतं, काचेच्या कपाटांत ब्रश मांडलेलं. ते उभे राहून म्हणाले, "भावनेच्या भरात धोरणं ठरत नसतात. छोट्यांनी मोठं व्हायला शिकावं."

मी म्हणालो, "तुम्ही मोठे झालात ते आमच्या बापांच्या खांद्यावर चढून!"

"बस खाली," असं फळ्याजवळून ती म्हणाली. बैठकीत आकडे फळ्यावर लिहायचं काम तिचं असतं. अध्यक्ष म्हणाले, "बसव गं त्याला, तुझंच ऐकतो म्हणे." सगळे हसले. मग मला पुढचं दिसेनासं झालं. हातातल्या टिकल्या मी अध्यक्षांच्या अंगावर फेकल्या. डिंक चांगला होता. तिन्ही कोटाला चिकटल्या.

सचिव कागद सावरत म्हणाले, "इतिवृत्तात काय लिहू?"

मागून कोणीतरी ओरडलं, "लिहा, अध्यक्षांना तीन मतं!"

मी दार आपटून बाहेर पडलो. आत मोजणी झाली. विंचरखोली सहावी आली. पाचवं येण्यासाठी एक टिकली कमी पडली.

संध्याकाळी मी तिला गाठून माफी मागितली आणि त्याच दमात, कधीपासून सांगायचं होतं ते सांगूनही टाकलं. त्यासाठी याहून वाईट वेळ शोधून सापडली नसती. ती यंत्राला झाकण घालत होती. म्हणाली, "तुझं माझ्यावर प्रेम आहे हे सगळ्या संघाला माहीत आहे. पण मला तीन मिनिटं खुर्चीवर बसून राहणारा माणूस हवा होता रे. आज." मग दिवा मालवून निघून गेली. त्यानंतर मी तंतू आठवड्यातून एकदाच नेऊ लागलो. नेले की ती विंचरून द्यायची, "या" आणि "झालं" एवढंच बोलायची. अहो कारखानदार म्हणणं बंद झालं.

या शनिवारी यंदाची बैठक आहे. यंदा विंचरखोली पहिल्या पाचांत आली नाही तर यंत्र विकलं जाईल, तिची नोकरी जाईल आणि गल्लीतले आमच्यासारखे छोटे कारखाने एकामागून एक कुलपं लावतील. शनिवारी मी खाटेवर असेन किंवा कुठेच नसेन. आजारी सभासदाला आपल्या जागी दुसरा माणूस पाठवता येत नाही. मेलेल्याचा वारस मात्र सभासद होऊ शकतो.

कलम ४. म्हणून माझा कारखाना, त्यातले साचे, कात्र्या, कामाचा पाट आणि त्याबरोबर येणारं संघाचं सभासदत्व आत्याला द्यावे. तिने शनिवारी जाऊन तिन्ही टिकल्या विंचरखोलीच्या कागदावर लावाव्यात. कागद डावीकडून कितवा हे विंचरखोलीतली ती दाखवेल. अध्यक्षांशी बोलू नये.

कलम ५. माझ्या थोरल्या भावाला, म्हणजे दादाला, काहीही देऊ नये. कारण लिहून ठेवतो, म्हणजे पुढे तक्रार नको. बाबा आजारी पडले तेव्हा दादा कारखान्यात होता आणि मी कॉलेजात. दादा म्हणायचा, प्लास्टिकचे ब्रश करू, मोठ्यांची कामं घेऊ. बाबा म्हणायचे, माझ्या पाटावर प्लास्टिक येणार नाही. मी कॉलेज सोडून बाबांच्या बाजूने भांडायला आलो. भांडण म्हटलं की मी सगळीकडे वेळेवर पोचतो. बाबांनी कारखाना माझ्या नावावर केला. दादा त्याच आठवड्यात वहिनीला घेऊन गेला आणि अध्यक्षांच्या कारखान्यात विक्रीच्या नोकरीला लागला. जाताना मी त्याला म्हणालो, "जा, चाट त्यांचे बूट." तो म्हणाला, "तुला ब्रश बांधायला मी शिकवलं, एवढं विसरू नकोस." आमचं शेवटचं बोलणं हे. वरचा मजकूर मी रविवारी घरी लिहिला.

कलम ६. आज सोमवार. हे वॉर्डात बसून लिहीत आहे. कलम चार आणि कलम पाच मी रद्द करतो. कारण खालीलप्रमाणे.

काल दुपारी दवाखान्यात भरती झाल्यावर मी आत्याला कलम चार वाचून दाखवलं. तिने डबा खाली ठेवला. "म्हणजे तू मेलास तर टिकल्या माझ्या हातात, आणि जगलास तर खोली बंद? मग मी आता देवाकडे मागू तरी काय रे, मेल्या?"

"मेल्या म्हणू नकोस, आजच्या दिवस तरी."

"म्हणणार! असले कागद करतोस ते!" आणि ती रडायला लागली. तेवढ्यात विंचरखोलीतली ती आली. हातात मोसंब्यांची पिशवी होती. तिने कागद मागून घेतला आणि उभ्यानेच वाचला, कलम दोनसह. माझं तोंड मी उशीकडे केलं. ती स्कूटरबद्दल काही बोलली नाही.

"आत्या, तुम्हाला ब्रश बांधता येतो?" तिने विचारलं.

"मला? मला साधी वेणी घालता येत नाही नीट."

"मग हे कलम बाद," ती मला म्हणाली. "नवा सभासद वारस असो नाहीतर कोणी, सचिवांसमोर बसून एक ब्रश स्वतःच्या हाताने बांधून दाखवावा लागतो. तूही दाखवला होतास. एवढी शपथ घालून मृत्युपत्र लिहिलंस आणि संघाचा नियम आठवला नाही?"

खरंच आठवला नव्हता. मरायची तयारी केली, पण फुकटच गेली असती.

"मग तू घे कारखाना," मी म्हणालो. "तुला येतो बांधायला."

"मी संघाची नोकर. नोकराला सभासद होता येत नाही. आणि माझ्यासाठी मरायचं असेल तर मला तसलं काही नको." मग म्हणाली, "मरायची वाट कशाला बघायची? कारखाना ज्याच्या नावावर, टिकल्या त्याच्या हातात. आजच दे. ज्याला ब्रश बांधता येतो, त्याला दे."

नाव कोणीच घेतलं नाही. माझ्या ओळखीत असा माणूस एकच होता आणि तो अध्यक्षांच्या पगारावर होता.

मी म्हणालो, "तो टिकल्या दालनावर लावेल."

"लावेलही," ती म्हणाली.

"मग कागदात अट घालतो."

"टिकली कुठे लावायची हे कागदात लिहून घेता आलं असतं तर बैठकीची गरजच काय होती?"

आत्याने बाहेर जाऊन फोन केला. दादा आज सकाळी आला. केस पांढरे व्हायला लागलेत त्याचे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला, बसला नाही. मी वकीलसाहेबांनी आणलेला बक्षीसपत्राचा कागद पुढे केला. त्याने तो दोनदा वाचला.

"टिकल्या कुठे लावायच्या ते सांगणार असशील, तर घे हा परत," तो म्हणाला.

"नाही सांगत."

"नक्की? तू? गप्प बसणार?"

"डॉक्टरांनी चिडायला मनाई केलीय."

तो हसला नाही, पण हसू आवरताना त्याची हनुवटी जशी हलते तशी हलली. मला बूट चाटण्याबद्दलचं बोलायचं होतं. "दादा, तेव्हा मी..." एवढंच आलं. तो म्हणाला, "पाटाचा डावा पाय अजून डुगडुगतो का?" मी म्हणालो, डुगडुगतो. "एक फळकूट ठोकायचं होतं फक्त," तो म्हणाला, "किती वर्षं झाली." आम्ही दोघांनी सह्या केल्या. नंतर आत्याकडून कळलं की त्याने सचिवांना कारखान्यावर बोलावून ब्रश बांधून दाखवला आणि सचिवांनी तो ओढून पाहिला, एक तंतू सुटला नाही.

तेव्हा कारखाना आता माझा नाही आणि या मृत्युपत्रात त्याची विल्हेवाट लावण्याचा मला अधिकार नाही. मी जगलो तर दादाकडे काम मागायला जाईन. त्याने द्यावंच असं नाही. शनिवारी काय होईल ते मला माहीत नाही. माहीत नसताना स्वस्थ पडून राहायचं, हे मी उशिरा शिकलो. गेल्या वर्षी एका दुपारपुरतं आलं असतं तरी पुष्कळ झालं असतं.

कलम ७. अध्यक्षांची मी माफी मागतो. कोटाबद्दल. बाकी जे म्हणालो ते तसंच राहू द्यावे.

कलम ८. तिला मी स्कूटरखेरीज काही देत नाही. देण्यासारखं जे होतं ते वेळेवर दिलं नाही, आणि जे दिलं ते तिने मागितलं नव्हतं. काल जाताना तिने मोसंबी सोलून बशीत ठेवली आणि "येते हं, कारखानदार" म्हणाली. मी आता कारखानदार राहणार नाही, हे तिनेच सुचवलं होतं. तरी तसं म्हणाली. याचा अर्थ लावण्याची जबाबदारी मी कोणावरही टाकत नाही.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलसाहेबांनी करावी. त्यांनी समजावलं की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये. आत्याला मिळतं, तिला मिळतं. दादाला या कागदातून आता काहीच मिळत नाही, म्हणून तो चालतो. विचारल्यावर तो "आण" एवढंच म्हणाला.

हे सर्व मी वाचून, समजून, शुद्धीत असताना लिहिले व दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली.

ठिकाण: वॉर्ड, खिडकीकडची खाट.
तारीख: ऑपरेशनच्या आदला दिवस, सोमवार.
सही: (लिहून ठेवणार)

साक्षीदार पहिला. सही. धंदा: परिचारिका, याच वॉर्डात. शेरा: रुग्ण शांत आहे.

साक्षीदार दुसरा. सही. नाते: सख्खा थोरला भाऊ. धंदा: ~~विक्री प्रतिनिधी~~ ब्रश उत्पादक. वरील खाडाखोड माझ्या हातची आहे.